बुजवलेली भोकं

एकदा एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं चकचकीत कामाला भोकं पाडली. माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट.

आमच्या दारासमोरच त्याचं गॅरेज होतं. गणीचाचा म्हणत त्याला सगळे. त्याचा शिष्य सर्जेराव. दोन लेकरांचा बाप झाला, तरी अजून हाताखालीच. गुळाच्या एका व्यापाऱ्याची मोटार इंजिनाच्या कामाला आली, तेव्हा चाचा म्हणाला, “हे इंजिन तू एकट्यानं बांध. जमलं, की गॅरेजच्या किल्ल्या तुझ्या.”

सर्जेरावानं जीव ओतला. इंजिनाच्या पोटात क्रँक असतो, सगळं त्याच्यावर फिरतं. त्याच्या अंगच्या जाड वजनांवर जुनी भोकं दिसली. कुणा अडाण्यानं पाडली असतील, असं समजून त्यानं ती वेल्डिंगनं बुजवली, घासून पॉलिश केली. ओट्यावरून मीसुद्धा म्हटलं, “काय देखणा केलास रे!”

इंजिन चालू झालं आणि मोटार थरथर कापायला लागली.

“हिला थंडी वाजतेय का, सर्जेराव?” व्यापारी म्हणाला. “हिच्यातनं माझी लेक सासरी जायचीय!”

सर्जेरावाचं तोंड उतरलं. किल्ल्या गेल्या, हे त्याला कळून चुकलं.

चाचा रागावला नाही. इंजिन पुन्हा उतरवून घेतलं. क्रँकवरून तळहात फिरवला, बुजवलेल्या जागी थबकला. मग क्रँक दोन सपाट पट्ट्यांवर आडवा ठेवून सोडून दिला. तो आपणच वळला आणि जड बाजू खाली घेऊन थांबला. तिथं चाचानं खडूची खूण करून ड्रिल लावलं.

“उस्ताद, चांगल्या क्रँकला भोकं?”

चाचा थोडं कोरी, पुन्हा सोडून बघी. अखेर क्रँक जसा ठेवावा तसा स्थिर राहू लागला.

“ती भोकं नव्हती, लेका,” तो म्हणाला. “ही मोटार पूर्वी इथंच आली होती, तेव्हा माझ्या उस्तादांनी काढलेलं जास्तीचं वजन होतं ते. मी शेजारी उभा होतो. मलाही वाटलं होतं, म्हातारा चांगलं लोखंड वाया घालवतोय. उणं दिसतं ते सगळंच भरायचं नसतं. जड बाजूनं थोडं सोडलं, तरच फिरणं शांत होतं.”

इंजिन पुन्हा सर्जेरावानंच बांधलं. चालू इंजिनावर चाचानं पाण्याचा पेला ठेवला. पाण्यावर नुसता शहारा आला, थेंब सांडला नाही. चाचानं किल्ल्या पुढं केल्या.

“पण उस्ताद, माझं तर चुकलं.”

“म्हणून तर आता विसरणार नाहीस. आणि या गॅरेजातही एका बाजूला वजन जास्त झालंय.” स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तो हसला आणि घरी गेला.

पुढं रोज संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसे. समोर हातोडीचा आवाज चाले. पण ‘असं नको, तसं कर’ असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

आता तो ओटाही नाही आणि गॅरेजही नाही. सून फोडणी घालते तेव्हा ‘असं नको’ म्हणायला माझी जीभ शिवशिवते. मग मी उठते आणि अंगणात जाऊन बसते.