रखमाजी आणि तीन बटणांचा डबा

भोळी माणसं कुठल्या गावात नसतात? हिंगणवाडीच्या वाट्याला रखमाजी आला होता, इतकंच. अंगानं धडधाकट, मनानं स्वच्छ, आणि सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करणारा. त्याच्या या शेवटच्या गुणाला सगळं गाव घाबरून असे.

गजराबाई त्याची मामी. मामा वारल्यापासून गावातल्या मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर ती सांभाळत होती. तिची मुलगी सुगंधा मोठी चुणचुणीत. तिला रखमाजी आवडायचा. का आवडतो ते तिला सांगता येत नसे, पण आवडायचा. मामीनं अट घातली.

"कार्यालयात नोकरीला लाग. ही लग्नसराई संपेपर्यंत टिकून दाखव. टिकलास तर पोर तुझी. नाही टिकलास तर आतेभाऊ म्हणून राखी बांधून घ्यायची आणि गप बसायचं."

राखीच्या नुसत्या विचारानं रखमाजीच्या मनगटाला खाज सुटली. तो दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाला.

कार्यालयाचे मालक बापूसाहेब. त्यांना नव्या गोष्टींचा भारी सोस. त्यांनी तीन कॉम्प्युटर आणून ठेवले होते. एक कमानीवरच्या दिव्यांच्या पाटीसाठी. तिच्यावर वधूवरांची नावं सरकत जायची. दुसरा सनई आणि मंगलाष्टकं वाजवायला. तिसरा वाढप्यांच्या खोलीतल्या पाटीसाठी. स्वयंपाकघरातून निघालेला निरोप तिच्यावर उमटायचा. कॉम्प्युटर तीन, पण कीबोर्ड एक, माउस एक आणि स्क्रीन एक. मध्ये एक छोटासा डबा. डब्याला तीन बटणं.

"हे बघ," बापूसाहेब म्हणाले, "ज्याचं बटण दाबशील तो स्क्रीनवर येतो. मग कीबोर्ड त्याचा, माउस त्याचा. त्याचं काम झालं की दुसऱ्याचं बटण दाबायचं. एकच सामान, पण तिघांना पुरतं."

"आणि मालक, एकाकडं लक्ष दिलं की बाकीचे दोघं रुसत न्हाईत?"

"रुसायला ते काय व्याही आहेत? स्क्रीनवर दिसले नाहीत तरी त्यांचं आपलं आपलं चालू राहतं. त्यांची काळजी करायची नाही."

रखमाजीनं डब्याला हात जोडले. एवढं समजूतदार घर त्यानं गावात पाहिलं नव्हतं.

पहिलं लग्न लागलं. पंगत बसली. मामी खिडकीतून ओरडली, "रखमा, वाढप्यांना लिही, मुलीकडच्यांना जिलबी हात राखून वाढा!"

रखमाजीनं लिहिलं. एकेक अक्षर शोधून, घाम गाळून लिहिलं. बटण तेवढं दाबलं नाही, कारण मामीनं लिही म्हटलं होतं, दाब म्हटलं नव्हतं.

बाहेर कमानीवर लाल-हिरव्या दिव्यांत अक्षरं सरकू लागली. 'चि. दिगंबर आणि चि. सौ. कां. शालन यांचा शुभविवाह. मुलीकडच्यांना जिलबी हात राखून वाढा. आपले सहर्ष स्वागत.'

मुलीकडचे एकेक करून पानावरून उठले. मग ते कमानीखाली जमले आणि मोठ्यानं वाचू लागले. मग ते बापूसाहेबांना शोधू लागले.

सगळं निस्तरल्यावर बापूसाहेबांनी रखमाजीला फैलावर घेतलं. "अरे गाढवा, आधी बटण दाबायचं! एकाचं बोलणं दुसऱ्याला जाता कामा नये. कळलं?"

"कळलं, मालक."

खरंच कळलं होतं. रखमाजी दिवसभर तेच घोकत होता. एकाचं बोलणं दुसऱ्याला जाता कामा नये.

पुढच्या लग्नात नवरदेव रीतीप्रमाणे मारुतीच्या देवळात जाऊन बसला. मुलीकडून बोलावणं आलं की त्यानं मांडवात यायचं. मुलीचे वडील घाईघाईनं रखमाजीजवळ आले.

"भाऊ, देवळात जा आणि मुलाच्या वडिलांना सांगा, आमची तयारी झाली, नवरदेवाला घेऊन या."

"ऐकलं," रखमाजी म्हणाला आणि जागेवर बसून राहिला.

देवळात वऱ्हाड ताटकळलं. इकडे मांडव ताटकळला. नवरदेवाचा घोडा कंटाळून मारुतीपुढचं बेलाचं झाड खाऊ लागला. मुहूर्त टळायला आला, तेव्हा बापूसाहेब धावत आले.

"रखमा! तुला निरोप दिला होता ना?"

"दिला होता की."

"मग पोचवला का नाहीस?"

"एकाचं बोलणं दुसऱ्याला जाता कामा नये, मालक. कुणी इचारलं तरी मी सांगितलं न्हाई. घोडेवाला दोनदा येऊन गेला. त्यालाबी न्हाई सांगितलं."

बापूसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "अरे, ते यंत्रांचं झालं! माणसांचं वेगळं. माणूस जे बोलेल ते लगेच दुसरीकडं पोचवायचं. जसंच्या तसं. एक शब्द गाळायचा नाही!"

रखमाजीला आपलीच लाज वाटली. आपलंच काहीतरी चुकत असणार असं त्याला नेहमी वाटे. काय चुकतं ते मात्र कधी सापडत नसे. या खेपेला एक शब्द गाळायचा नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

तिसऱ्या लग्नात मुलाची आत्या रुखवताजवळ उभी राहून शेजारणीच्या कानात पुटपुटली, "रुखवत बघितलं का? लाडू म्हणायचे का गोट्या?"

रखमाजी मागेच उभा होता. तो तडक मुलीच्या आईकडे गेला. "मुलाची आत्या म्हणतीया, रुखवत बघितलं का, लाडू म्हणायचे का गोट्या."

मुलीची आई लाल झाली. "अस्सं? तिला म्हणावं, दात असते तर कळलं असतं!"

रखमाजी परत गेला. "त्या म्हणत्यात, तिला म्हणावं, दात असते तर कळलं असतं."

"माझे दात काढते? आधी स्वतःच्या पोरीचं नाक बघ म्हणावं!"

रखमाजी पुन्हा निघाला. त्याच्या पायांना उसंत नव्हती. दोन्हीकडची माणसं त्याला अडवून, "अजून काय म्हणाली?" असं विचारत होती आणि तो सगळं अगदी चाल लावून सांगत होता. जेवणाच्या वेळेपर्यंत दोन्ही बाजूंच्या सात पिढ्या निघाल्या. आत्या रुसून गाडीत जाऊन बसली. मुलीच्या आईनं रुखवतातला लाडू उचलून गाडीच्या काचेवर मारला. काच फुटली. लाडू शाबूत राहिला. आत्या म्हणाली ते खरंच होतं.

मामीनं त्याला चुलीपाशी ओढत नेलं. "अरं मेल्या, तू नोकरी घालवणार, माझं स्वयंपाकघर घालवणार आन् माझ्या पोरीला बिनलग्नाची ठेवणार!"

"मी एक शब्द गाळला न्हाई, मामी."

"तेच तर! दोघं भांडायला लागली की समोरासमोर आणू नये. एका वेळी एक. एक समोर असला की दुसरा दिसता कामा नये!"

रखमाजीचा चेहरा उजळला. हे तर डब्यासारखंच होतं. इतकं सोपं कुणी आधी का सांगितलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

चौथ्या लग्नात माणसं कमी होती. भटजींनी रखमाजीला हाक मारली आणि अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हातात दिलं. अंतरपाटाच्या अलीकडे नवरी, पलीकडे नवरदेव. मंगलाष्टकं झाली. 'शुभमंगल सावधान' झालं. अक्षता पडल्या, ताशे वाजले. दुसऱ्या टोकाच्या माणसानं अंतरपाट सोडला. रखमाजीनं त्याचंही टोक पकडलं, दोन्ही हात फाकले आणि अंतरपाट आणखी वर धरला.

"सोडा आता," भटजी म्हणाले.

"न्हाई. एक समोर असला की दुसरा दिसता कामा नये."

नवरीनं वरून हार टाकला. तो रखमाजीच्या डोक्यावर पडला. नवरदेवानं खालून वाकून बघितलं, तर रखमाजी गुडघ्यावर बसला आणि अंतरपाट जमिनीला टेकवला. नवरदेव उजवीकडे गेला, रखमाजी उजवीकडे. नवरदेव डावीकडे आला, रखमाजी डावीकडे. वाजंत्र्यांना वाटलं या गावची ही रीतच असेल, म्हणून त्यांनी ताल धरला. शेवटी नवरदेवाच्या चुलत्यांनी रखमाजीला अंतरपाटासकट उचलून बाहेर नेलं.

बापूसाहेबांचा आवाज बसला होता. "रखमा," ते कुजबुजले, "हे लग्नाचं कार्यालय आहे. लग्न अडवायची जागा नाही. मुहूर्त टळता कामा नये! कुणाचं लग्न अडलेलं दिसलं की होईल ती मदत करायची. धावून जायचं. मला विचारत बसू नको."

"धावून जाईन, मालक."

एवढं होऊनही बापूसाहेबांनी त्याला काढलं नाही, कारण तो डबा दुसरं कुणी चालवायला तयार नव्हतं. रखमाजी चालवत होता तो चुकीचा, पण हौसेनं. अशी लग्नसराई संपत आली. नोकरी टिकली होती. आता मामीला शब्द पाळणं भाग होतं.

"पोरी, अजून विचार कर," मामी म्हणाली.

"केलाय," सुगंधा म्हणाली. "मनानं चांगलाय. एकदा लगीन लागू दे, त्याला काय सांगायचं आन् काय न्हाई ते मी बघते."

मग मामी रखमाजीकडे वळली. "ऐक. लग्नाच्या दिवशी एक चूक केलीस, तर मांडवातनं पोर परत नेईन."

मुहूर्त चांगला होता, म्हणून त्याच वेळेला कार्यालयात आणखी एक लग्न ठरलं होतं. मोठ्या स्टेजवर दौलतरावांच्या शीतलचं, बाजूच्या ओसरीवर सुगंधाचं. दौलतराव परगावचे, तालेवार माणूस. त्या दिवशी भटजी मात्र एकच मिळाले. तेही वयस्कर, डोळे कायम पोथीत खुपसलेले.

बापूसाहेब हसून म्हणाले, "बिघडलं काय? भटजी आधी ओसरीवर लावतील, मग लगेच स्टेजवर. आपल्या डब्यासारखंच."

मुंडावळ्या बांधलेल्या रखमाजीनं मान डोलावली. फुलांच्या सरी इतक्या दाट होत्या, की त्याच्या चेहऱ्यापैकी नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता.

ओसरीवरचं लग्न सुरेख लागलं. रखमाजीनं अंतरपाटाकडे बोटसुद्धा नेलं नाही. सुगंधानं त्याच्या गळ्यात हार घातला, त्यानं तिच्या गळ्यात. मामीनं डोळे पुसले. एक चूक झाली नव्हती.

"बसा दोघं," मामी म्हणाली. "भटजी तिकडचं उरकून आले की सप्तपदी."

तेवढ्यात स्टेजकडून गलका ऐकू आला. शीतलचा नवरदेव आला नव्हता. वाटेत खडीचा डंपर आडवा झाला होता आणि त्याची गाडी त्यामागे अडकली होती. दौलतराव रस्त्याकडे बघत कमानीखाली येरझारा घालत होते. शीतल हार घेऊन पाटावर उभी होती, मान खाली घालून, डोळ्यांत पाणी आणून. भटजी पोथीत बघत म्हणत होते, "मुहूर्त टळतोय. कुणीतरी नवरदेवाला उभं करा."

रखमाजीनं ते ऐकलं. त्याचं इकडचं काम झालं होतं. तिकडचं अडलं होतं. मालकांनी विचारत बसू नको असं सांगितलं होतं.

तो उठला आणि धावला.

"कुठं निघाला?" सुगंधानं विचारलं.

"आलोच. तू चालू राहा."

स्टेजवर मुंडावळ्यांचा झुबका चढताना दिसला आणि वऱ्हाडानं सुटकेचा निःश्वास टाकला. "आला, आला!" कुणीतरी अंतरपाट धरला. भटजींनी मान वर न करता मंगलाष्टकं सुरू केली. मंगलाष्टकं झाली, ताशे वाजले, अंतरपाट दूर झाला. शीतलनं पायांकडे बघत हार घातला. रखमाजीनं गळ्यातला पहिला हार नीट बाजूला सारून दुसऱ्याला जागा केली, आणि मग तिला हार घातला.

त्याच वेळी कमानीतून दौलतराव आत आले. त्यांच्याबरोबर धुळीनं माखलेला खराखुरा नवरदेव होता.

ताशे थांबले.

शीतलनं मान वर केली, नवरदेवाकडे पाहिलं, रखमाजीकडे पाहिलं आणि मटकन पाटावर बसली. "हा कोण?" दौलतराव ओरडले. बापूसाहेबांनी खांब धरला. मामी झारा घेऊनच धावत आली.

"अरं रांडेच्या, हे काय केलंस!"

"मुहूर्त गाठला, मामी," रखमाजी म्हणाला. त्याला धाप लागली होती, पण तो समाधानी दिसत होता. "टळायला आलता. थोडक्यात वाचला."

"आन् माझी पोर? तिचं काय?"

"तिचं चालूच हाय की. आत्ता स्क्रीनवर न्हाई, एवढंच."

मांडवात कुणी हललं नाही. हलली ती एकटी सुगंधा. ओसरीवरून शांतपणे उतरली. स्टेजच्या पायरीशी तो धुळीचा नवरदेव तोंड उघडं टाकून उभा होता. सुगंधानं त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं, आपल्या गळ्यातला हार काढला आणि त्याच्या गळ्यात घातला.

बापूसाहेबांनी डोळे मिटले. मामीच्या हातातला झारा खाली पडला.

रखमाजी मात्र कौतुकानं बघतच राहिला.

"बघा मामी," तो म्हणाला, "मला किती दिस लागले शिकायला. हिला न शिकवता बटण दाबता आलं."