मोगरीची अळणी वाटी

एकदा काय झालं, एक होतं नगर, आणि त्या नगराला झोप यायची ती एका मांजरीमुळे. हसू नका, खरंच सांगते. राजवाड्याच्या भिंतीवर मोगरी नावाची पांढरी मांजरी बसायची. दिवेलागण झाली की ती डोळे मिटून घुरघुरायला लागायची. तो आवाज गल्लीगल्लीत पोचायचा. मग पाळण्यातली बाळं झोपायची, म्हातारी माणसं झोपायची, राजासुद्धा मुकुट न काढताच घोरायला लागायचा.

या मोगरीचं खाणं करायची म्हाळसाकाकू. ती राजाच्या मुदपाकखान्यातली मुख्य स्वयंपाकीण. तिच्या हातचं कालवण खाऊन राजा बोटं चाटत बसायचा. पण मोगरीचं खाणं तिच्या सासूने शिकवलेलं. मासा नुसत्या पाण्यात उकडायचा, एकूण एक काटा काढायचा, त्यात जरासा मऊ भात कुस्करायचा आणि कोमट झाला की वाटीत घालायचा. मीठ नाही, तिखट नाही, फोडणी तर नाहीच नाही. सासू गेली, तरी काकू तसंच करायची. मोगरी वाटी चाटूनपुसून लख्ख करायची आणि काकूच्या पायाला अंग घासायची.

मग राजाच्या मुलीचं लग्न निघालं. पंगती बसल्या. आपल्याकडे पानात आधी मीठ वाढतात, बरं का, मग बाकीचं सगळं. काकूने पानांमागून पानं वाढली आणि शेवटी मोगरीची अळणी वाटी हातात घेतली, तर तिला एकदम भडभडून आलं. मुकं जनावर, म्हणून काय त्याला चव कळत नाही? नगरभर माझ्या हाताचं कौतुक, आणि जिच्यावर माझा एवढा जीव, तिच्याच तोंडी हे बेचव?

मग काय, काकूने मोगरीसाठी वेगळं पान मांडलं. आधी मीठ वाढलं, आणि ते भातात कालवलं. मोगरीने दोन घास खाल्ले आणि पाणी पीत बसली. काकूला वाटलं, आवडलं.

दुसऱ्या दिवशी काकूने वर हिंग-मोहरीची फोडणी घातली. मोगरीने वास घेऊन मान फिरवली. मग काकूने तिला मांडीवर घेतलं आणि हा घास काऊचा, हा घास चिऊचा करत भरवलं. मांजरच ते, काऊ-चिऊ म्हटल्यावर तोंड उघडणारच की.

तिसऱ्या दिवशी तर काकूने कांदा-लसणाचं वाटण लावून झणझणीत कालवण केलं. मोगरी मागेच सरकली. माझ्या हातचं तुला नको झालं, असं म्हणत काकू तिथेच बसून रडायला लागली. मोगरीने तिच्याकडे बघितलं. मग मुकाट्याने पुढे आली आणि सगळं पान संपवलं.

आणि मग मोगरी आजारी पडली. हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या, उभं राहवेना, घुरघुर तर बंदच. सगळं नगर टक्क जागं. बाळं रडून रडून दमली, राजा दरबारात जांभया देऊ लागला. वैद्यबुवा आले. काकूने काही न लपवता सगळं सांगितलं. ते म्हणाले, कांदा-लसूण म्हणजे मांजरीला विषच, आता हिचं काही खरं नाही.

काकूने मोगरीला पदरात घेतलं आणि विचारलं, "तुला नको होतं, तर खाल्लंस का गं?"

मोगरी जन्मात एकदाच बोलली. म्हणाली, "तू रडत होतीस."

काकू उठून चुलीपाशी गेली. आधी थेंबथेंब पाणी पाजलं, मग मासा उकडलेलं नुसतं पाणी, मग बोटाच्या टोकावर मऊ मासा. किती दिवस गेले कोण जाणे. एका संध्याकाळी पदरात बारीकशी घुरघुर सुरू झाली. तान्ही बाळं आधी झोपली, मग म्हातारी माणसं, आणि राजा तर जिन्यातच आडवा झाला.

पुढे सगळे सुखात राहिले. काकूसुद्धा. पण कधी मोगरीची वाटी भरताना तिला तो दिवस आठवायचा आणि डोळे भरून यायचे. मग ती आधी मागच्या दारी जायची, पदराने तोंड कोरडं पुसायची, जरा हसून बघायची, आणि मगच मोगरीपुढे वाटी ठेवायची.

चला, राजा झोपला, मोगरी झोपली, तुम्हीच काय ते राहिलात. गुंड्या, पाय आत घे. मिटा डोळे.