वाचलं असं धरू

"चाळीस नियम पुरतील का, बाबा?"

एवढं विचारून नामाजीनं वही मिटली आणि तेव्हा कुठं मान वर केली. उन्हं कलायला लागली होती. सकाळपासून तो वाचतच होता. समोर दर्ग्याच्या ओट्यावर, चिंचेच्या सावलीत दाऊदबाबा बसलेले. लहानपणी पहिलं अक्षर त्यानं यांच्यापुढंच धुळीत गिरवलं होतं.

बाबा हसले. बोलले काहीच नाहीत.

आता नामाजी कोळपे म्हणजे ऐरागैरा नव्हे, दोनदा निवडून गेलेला खासदार. दिल्लीच्या त्या मोठ्या सभागृहाचं कामकाज कसं चालावं, ते सगळं वहीत मांडलं होतं त्यानं. आरडाओरडा करील त्यानं दिवसभर बाहेर बसावं. एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्यानं उठू नये. मागच्या बाकावरच्यालाही त्याची वेळ मिळावी. सोमवारी वही अध्यक्षांच्या हाती द्यायची होती, त्याआधी बाबांचा शब्द हवा होता.

एवढी तळमळ कशाची म्हणाल, तर एका पुलाची. निंबखेडला नदीच्या उतारावर पूल नाही. त्याची थोरली बहीण, सोनाअक्का, माहेरी यायला निघाली ती त्या पुराच्या पाण्यातच राहिली. हे सांगायलाच तर तो दिल्लीला गेला होता. आठ वर्षांत चारदा त्याचं नाव पुकारलं, चारदा गोंधळ झाला. वरून सांगणं यायचं, भाषणाचा कागद पटलावर ठेवा, वाचलं असं धरू.

चार कागद ठेवले त्यानं. अक्काचं नाव कुणाच्या कानी गेलं नाही.

"बाबा... पुरतील ना?"

ओट्याखाली हमीदाबी झाडत होती. ती थांबली.

"साहेब, बाबांना ऐकू येत नाही. दिवाळीपासून काहीच नाही."

नामाजी गर्रकन वळला. "मग सकाळीच सांगायचं ना, हमीदाबी."

"कधी सांगू? दोनदा हात केला. तुमची मान खाली ती खालीच. म्हटलं, दिल्लीत असंच बोलत असतील." तिनं झाडू आपटून धूळ काढली. "ओठ बघून उमजतं त्यांना थोडंफार. पण तुमचे ओठ वहीत."

नामाजीनं वहीकडं पाहिलं. सभागृहातली ती मोकळी बाकं आठवली, पाठ फिरवून गप्पा मारणारी माणसं आठवली. त्या सगळ्यांवर केलेला राग आता कुठं ठेवावा, त्याला कळेना...

मग तो सरकून बाबांच्या अगदी समोर बसला. वही पुढं धरली आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"मग हिचं काय करू, बाबा?"

बाबांनी त्याचे ओठ पाहिले. वही हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत त्याच्या मांडीवर ठेवली.

"सोमवारी दे. कष्टानं लिहिलीस."

मग त्यांनी हात उचलला आणि तळवा नामाजीच्या गळ्यावर टेकवला, आवाज निघतो तिथं.

"आता अक्काचं सांग... माझ्याकडं बघून."