पोपटांनी पोचवलेला धडा

माणसाला घर बांधता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सुगरणीनं घरटं विणण्याचा धडा पोपटांकडून घोकून घेतला आणि रानोरानी फुकट धाडला. साळुंकीचं ढोलीचं झाड वादळात पडलं होतं. तिला वाटलं, आपलं नशीब उघडलं. तिनं धडा शंभरदा ऐकला आणि विणायला बसली.

"इथलं गवत कोरडं आहे, गाठ सुटते. काय करू?" तिनं विचारलं.

"पहिली गाठ डावीकडून," पोपट म्हणाला. पुन्हा विचारलं, तरी तेच.

तिनं तसंच घरटं विणून त्यात तीन अंडी घातली. घरटं सुटलं आणि तिन्ही अंडी खाली पडून फुटली. साळुंकी तडक सुगरणीकडे गेली आणि कडाडली, "तुझ्या धड्यानं माझं वाटोळं केलं!"

"फुकट शिकवलं तरी नावं ठेवतेस? सात रानांत पोचलाय माझा धडा!" सुगरण फणकारली. बोलता बोलता तिनं शेजारी विणत बसलेल्या लेकीची गाठ चोचीनं ओढून पाहिली. "सैल आहे गं. गवत दवात भिजव, मग बांध."

साळुंकीच्या अंगाची आग झाली.

"अशी माझी एक गाठ कुणी ओढून पाहिली असती," ती म्हणाली, "तर आज माझी पिल्लं चोची उघडून बसली असती."