सात तासांची गैरहजेरी

मुरमावर कुदळ पडल्याचा खणखण आवाज भैरू शिपायाने फार वर्षांपूर्वी ऐकला, तो अजून त्याच्या कानात आहे. कॉलेजची पोरं सात दिवसांच्या शिबिरात गावाबाहेरच्या माळावर पाझर तलाव खोदत होती आणि भैरू त्यांना चहा करून देत होता. मंदा कोळेकर सगळ्यांच्या आधी खड्ड्यात उतरायची.

पुढे परीक्षेचे फॉर्म निघाले आणि भूगोलाच्या सबनीस सरांनी मंदाचा फॉर्म अडवला. महिनाअखेरीस सरांनी एकदम भरलेल्या हजेरीपटात तिची सात तासांची गैरहजेरी होती. वर्ष बुडालं तर बाप तिला घरी नेऊन लग्न लावून देणार, हे भैरूला ठाऊक होतं. मंदा सरांच्या खोलीत गेली तेव्हा तो दाराशी जीव मुठीत धरून उभा राहिला.

"सर, ते सात दिवस मी शिबिरात होते."

"समाजसेवा करायची की शिकायचं, एक काय ते ठरव. माझ्या वर्गात नव्हतीस, म्हणजे शिकली नाहीस."

मंदा हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमचा तास अकराचा. सातही दिवस बरोबर अकराला तुम्ही माळावर येऊन आम्हाला मातीचे थर समजावून सांगत होतात. मी ते खड्ड्यात उभी राहून वहीत उतरवलंय. शिकवणारे तिथं, शिकणारी तिथं. मग वर्गात कोण होतं, सर?"

सरांनी दाराकडे पाहिलं. "काय रे भैरू, रोज आलो होतो मी?"

"व्हय साहेब. रोज दोन कप चहा घेतलात."

सरांनी फॉर्म पुढे ओढला, सही केली आणि निघून गेले.