लेकीच्या गालावर पाणी

“चाचा, आता माझं आणखी काय शिकायचं राहिलंय?” रणधीरनं विचारलं.

चाचा म्हणजे बाबालाल मुजावर. कोल्हापुरात चाळीस वर्षं ते मोटारसायकलींच्या टाक्यांवर चित्रं काढत होते, नुसत्या एअरब्रशच्या फवाऱ्यानं. रणधीर त्यांच्या हाताखाली चार वर्षं होता.

समोर स्टँडवर एक टाकी होती. तिच्यावर एका पोरीचा चेहरा. पोरगी राज्यातली कुस्ती मारून आली होती. “गावातनं फिरीन तर लेकीला पुढं घेऊन,” असं म्हणून तिचा बाप टाकी ठेवून गेला होता. आज दुपारी तो न्यायला येणार होता.

तीन आठवडे रणधीर एकटाच त्या चेहऱ्यावर खपला होता.

“कान बघा चाचा. कुस्तीत चुरगळलेला कान हुबेहूब उतरलाय. असं काम दुसरा कुणी करून दाखवू दे.”

“डोळे?”

“चमक तेवढी राहिलीय. पांढरे दोन ठिपके मारले की झालं.”

“ब्रश धुतलास?”

“धुतला की. मघाशीच, केसांचा काळा संपल्यावर.”

“स्वच्छ आहे?”

रणधीर हसला. “चार वर्षं झाली चाचा. आता ब्रश धुतला का म्हणून विचारताय होय?”

चाचांनी एअरब्रशच्या वाटीत साधं पाणी ओतलं आणि ब्रश त्याच्या हातात दिला.

“मार.”

“कागदावर?”

“तिच्या गालावर.”

रणधीरनं ब्रश उचलला. टोक गालासमोर धरलं. बोट खटक्यावर ठेवलं…

बोट दाबेना.

हवेचा कॉम्प्रेसर घुरघुरत राहिला. चाचा बघत राहिले.

“नुसतं पाणीच तर आहे,” ते म्हणाले.

रणधीरनं ब्रश खाली घेतला. पाणी ओतून टाकलं. मागचा स्क्रू सैल केला आणि सुई हलकेच ओढून काढली. उजेडाकडे धरली. टोकाशी काळ्या रंगाचं कडं सुकून बसलं होतं, केसाएवढं बारीक.



त्यानं सुई ओल्या चिंधीनं पुसली, मागून टोकाकडे. पुढच्या तोंडाचं नोझल काढलं, बारीक कुंचल्यानं आतून घासलं. वाटीचा तळ पुसला. सगळं पुन्हा जोडलं, पाणी भरलं आणि पांढऱ्या कागदावर फवारलं. करडं पाणी आलं. पुन्हा भरलं. पुन्हा फवारलं. नवव्या खेपेला कागद नुसता ओला झाला.

मग कुणी न सांगताच तो टाकीसमोर उभा राहिला. पाय रोवले. खटका दाबला.

गालावर पाण्याचे बारीक थेंब जमले… स्वच्छ. त्यानं ते मऊ कापडानं टिपले. चेहरा होता तसा होता.

रणधीरची छाती फुगली.

“बघा चाचा! कणभर रंग नाही. एवढा स्वच्छ ब्रश अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही!”

चाचांनी मान डोलावली. टाकी उजेडाकडे वळवून दिली. मग बाटली उघडली आणि वाटीत पांढऱ्या रंगाचे तीन थेंब टाकले.

“झाला घाण,” ते म्हणाले. “आता चमक मार.”