चौकटीतला कचरा

कॅमेरे बोलायचे आणि ट्रायपॉडना मुकाट ऐकावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट.

ऐन वैशाखात डोंगरावर अंजनीचं झुडूप जांभळ्या फुलांनी लगडलं होतं. तिथं एक निळंशार फुलपाखरू येतं असं ऐकून कॅमेरेराव ट्रायपॉडच्या डोक्यावर बसून आले होते. तीन दिवस झाले, फुलपाखराचा पत्ता नव्हता, आणि ट्रायपॉडच्या तिन्ही पायांत गोळे आले होते.

"जरा डावीकडे हो," कॅमेरेराव म्हणाले. ट्रायपॉड सरकला. "एवढं नको रे, उजवीकडे!" तो पुन्हा सरकला. "आता ते सुकं पान मध्ये येतंय. इतक्या सुंदर फुलांत हा कचरा कशाला?"

ट्रायपॉडनं निरखून पाहिलं. पानाला पाय होते.

"अहो, ते पान नाही..."

"तू उभा राहा. बघायचं काम माझं."

"अहो, पण त्याला पाय आहेत!"

"तुला मेल्या जिकडेतिकडे पायच दिसतात!"

ट्रायपॉडनं कपाळावर हात मारून घेतला असता, पण देवानं त्याला हात दिले नव्हते.

कॅमेरेरावांनी वाऱ्याला हाक मारली, "बाबा रे, तेवढा कचरा उडव."

वाऱ्यानं फुंकर घातली. पान फांदीवरून सुटलं, हवेत उघडलं, आतून निळंशार लखलखलं आणि बघता बघता दरीपार गेलं.

कॅमेरेराव आ वासून बघतच राहिले. बटण दाबायचंही त्यांना सुचलं नाही.

"झाली चौकट स्वच्छ," ट्रायपॉड म्हणाला. "काढा आता फोटो."